समाजमाध्यमांवरची हजेरी

दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त आणि मुस्लिम समाजांतील तरुण-तरुणींकडून गेल्या दहा-बारा वर्षांत एक नवी हजेरी मागितली जाऊ लागली आहे. अत्याचाराची बातमी आली, जयंती वा स्मृतिदिन उजाडला किंवा देशात कुठे दहशतवादी हल्ला झाला की त्यांनी व्हॉट्सअॅपवर स्टेटस ठेवावे, फेसबुकवर मजकूर लिहावा, इन्स्टाग्रामवरचे प्रोफाइल चित्र बदलावे, अशी अपेक्षा बाहेरचेही करतात आणि आपलेही करतात. ती पुरी झाली नाही तर त्या गप्प राहण्याचा अर्थ परस्पर लावून टाकला जातो. बाहेरचे म्हणतात, ‘तुमच्यावरच आले आहे आणि तुम्हीच बोलत नाही’. आपले म्हणतात, ‘शिकला, नोकरीला लागला आणि समाजाला विसरला.’ हजेरी हा शब्द महाराष्ट्रातील विमुक्त जमातींना अनोळखी नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि पुढे त्याच्या विस्तारित रूपांनी ज्या जमातींना जन्मतःच संशयित ठरवले, त्यांच्या माणसांना, तो कायदा १९५२ मध्ये रद्द होईपर्यंत, ठरल्या वेळी सरकारी माणसासमोर उभे राहून आपण जागेवर आहोत हे सिद्ध करावे लागत असे. आजची हजेरी कायद्याने लादलेली नाही आणि ती चुकवली म्हणून कुणाला तुरुंगात टाकले जात नाही, त्यामुळे दोन्ही एका मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. तरीही, ज्याच्यावर अन्याय होतो त्यानेच दर वेळी पुढे येऊन स्वतःचा पुरावा द्यायचा, ही रीत दोन्हीकडे सारखीच आहे.

या अपेक्षेतून जे घडते त्याला प्रदर्शनी सक्रियता म्हणता येईल. एखाद्या प्रश्नावर प्रत्यक्ष काय केले यापेक्षा भूमिका घेतल्याचे चारचौघांना दिसले की नाही याला जिथे महत्त्व येते, तिथे ही सक्रियता सुरू होते. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर २ जून २०२० रोजी लक्षावधी लोकांनी इन्स्टाग्रामवर काळा चौकोन टाकला आणि त्यातल्या अनेकांनी त्याला ‘ब्लॅक लाइव्ज मॅटर’चा हॅशटॅग जोडला, परिणाम असा झाला की निदर्शनांची ठिकाणे, वैद्यकीय मदत आणि कायदेशीर साहाय्य यांची माहिती ज्या हॅशटॅगखाली मिळत होती तिथे काळ्या चौकोनांची रांग लागली आणि रस्त्यावर उतरलेल्यांना हवी ती माहिती शोधणे अवघड झाले. पाठिंबा दाखवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, पण दाखवण्याच्या घाईत उपयोगाची वस्तू झाकली गेली.

याचा अर्थ समाजमाध्यमे निरुपयोगी आहेत असा नाही, आणि तसे म्हणणे वंचित समाजांच्या बाबतीत तर फारच चुकीचे होईल. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली तेव्हा मोठ्या वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी त्या घटनेची गंभीर दखल घ्यायला कित्येक आठवडे लावले, आणि दरम्यानच्या काळात ती बातमी जिवंत राहिली ती कार्यकर्त्यांच्या सत्यशोधनामुळे, मोर्च्यांमुळे आणि हाती असलेल्या साध्या साधनांवरून एकमेकांना पाठवलेल्या माहितीमुळे. ज्यांना दुसरे व्यासपीठ नाही त्यांच्यासाठी मोबाईल हेच वर्तमानपत्र असते. म्हणून ज्याला लिहायचे आहे त्याने जरूर लिहावे. प्रश्न आहे तो ज्याला त्या दिवशी, त्या जागी, त्या रूपात लिहायचे नाही त्याचा.

बाहेरून येणारा दबाव ओळखणे तुलनेने सोपे असते, कारण तो बहुधा सौजन्याच्या भाषेत येतो. वर्गाच्या गटात आरक्षणाचा विषय निघतो, साठ जणांच्या त्या गटात एकच विद्यार्थिनी अनुसूचित जातीची असते, आणि कुणीतरी तिचे नाव टॅग करून लिहितो, ‘यावर तूच नीट सांगू शकशील.’ त्या क्षणापासून ती विद्यार्थिनी राहत नाही, प्रवक्ती होते. तिने दिलेले उत्तर तिचे एकटीचे न राहता संपूर्ण समाजाचे मानले जाते आणि तिचे मौन कबुलीजबाब ठरते. समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ मधील आपल्या ग्रंथात दाखवले होते की मोठ्या गटात एकट्यादुकट्या असलेल्या वेगळ्या व्यक्तीकडे सर्वांचे लक्ष अवाजवी प्रमाणात जाते, तिची प्रत्येक कृती तिच्या प्रकारातील सर्वांचा नमुना म्हणून पाहिली जाते आणि त्यामुळे तिच्यावर कामगिरीचा वेगळाच ताण येतो. मुस्लिम तरुणाच्या वाट्याला याच दबावाचे दुसरे रूप येते, कारण त्याच्याकडून स्पष्टीकरणाऐवजी निषेध मागितला जातो, आणि ज्या कृत्याशी त्याचा कसलाही संबंध नाही त्याचा निषेध किती तासांत आला, किती कडक शब्दांत आला, याचीही मोजदाद होते.

मराठी मुलखातून आलेले राजकीय विचारवंत गोपाळ गुरू यांनी २००२ साली भारतीय समाजविज्ञानांविषयी लिहिताना एक गोष्ट परखडपणे मांडली होती. दलितांकडे अनुभव सांगण्याचे काम येते आणि त्या अनुभवावरून सिद्धांत रचण्याचे काम मात्र वरच्या जातींतील अभ्यासकांकडे राहते, अशी ज्ञानाच्या क्षेत्रातलीच जातव्यवस्था त्यांनी उघड केली. समाजमाध्यमांवर ती व्यवस्था रोज नव्याने उभी राहते. अनुभव मागणारा तो वाचून हळहळतो, पुढे पाठवतो, कधी त्यावर स्वतःचा लेखही लिहितो; सांगणारी व्यक्ती मात्र आपल्या घरातले दुःख चारशे अनोळखी माणसांपुढे मांडून बसलेली असते आणि खाली येणाऱ्या प्रतिक्रिया तिला एकटीलाच वाचाव्या लागतात. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये ‘भावनिक श्रम’ ही संज्ञा रूढ केली ती नोकरीचा भाग म्हणून स्वतःच्या भावना आवराव्या वा दाखवाव्या लागणाऱ्या, हवाई सुंदरींसारख्या कर्मचाऱ्यांच्या संदर्भात. इथे त्याच जातीचे श्रम आहेत, फक्त त्यांना पगार नाही आणि सुट्टीही नाही.

आतून येणारा दबाव अधिक कठीण असतो, कारण त्यामागे खरी माया असते आणि खरे भयही असते. गावाकडच्या भावकीचा किंवा वस्तीच्या मंडळाचा गट असतो, त्यात ५ डिसेंबरच्या रात्रीपासून, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणदिनाच्या आदल्या रात्रीपासून, अभिवादनाची चित्रे येऊ लागतात, आपले स्टेटस कुणी पाहिले याची यादी ते ठेवणाऱ्याला दिसत असते, आणि सहा तारखेच्या दुपारी एखादा काका किंवा मोठा चुलतभाऊ विचारतो, ‘आज तुझं काहीच दिसलं नाही?’ विचारणाऱ्याने स्वतः कदाचित जातीचे नाव लपवून शहरात खोली मिळवली असेल, त्याच्या पिढीने ‘जय भीम’ मोठ्याने म्हणण्यासाठी मार खाल्ला असेल, त्यामुळे शिकलेल्या पोराचे मौन त्याला तेच जुने लपणे वाटते. हा माणूस शत्रू नाही आणि त्याला शत्रूसारखे उत्तर देऊ नये. मात्र चळवळीची हाक आणि निष्ठेची झडती यांतला फरक त्यालाही समजावून द्यावा लागतो. संघटना जेव्हा ठरवून, उद्देश सांगून, अमुक मागणीसाठी अमुक दिवशी लिहा असे सांगते तेव्हा ती हाक असते आणि तिला होकार किंवा नकार देता येतो. कुणी लिहिले आणि कुणी नाही याची यादी ठेवली जाऊ लागली की ती झडती होते.

नेमक्या वेळी थांबणे म्हणजे माघार नव्हे, हे दाखवणारे उदाहरण खुद्द महाडचेच आहे. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर डिसेंबरात तिथेच पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरले, हजारो लोक जमले, तुरुंगात जाण्याची तयारी अनेकांनी दाखवली. पण त्याआधी विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम आणला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्यांशी विचारविनिमय करून सत्याग्रह पुढे ढकलण्याचा निर्णय घेतला, त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, आणि तळ्याचा दावा मात्र दहा वर्षे चिकाटीने लढवून १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातून जिंकण्यात आला. त्या वेळी तळ्याचे पाणी न घेणाऱ्या हजारोंना कुणी भित्रे म्हटले असते तर ते किती अन्यायाचे झाले असते याचा विचार आजच्या गटप्रमुखांनी जरूर करावा.

स्वतःचा अनुभव कधी आणि कुणासमोर मांडायचा हा निर्णयही ज्याचा त्याचाच असतो. फलटणच्या बेबी कांबळे यांनी दुकान सांभाळता सांभाळता आपले आणि आपल्या वस्तीतल्या बायकांचे जगणे कागदावर उतरवले, ते कागद कित्येक वर्षे घरच्यांच्या नजरेपासून दडवून ठेवले, आणि मग ते लेखन ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः व १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ या नावाने पुस्तकरूपात आले. त्या वर्षांत त्यांच्याकडे पाहणाऱ्याला दुकानात बसलेली एक बाई दिसली असती. मराठी दलित साहित्यातील एक महत्त्वाचे आत्मकथन त्या न दिसणाऱ्या काळातच तयार होत होते.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर, बोलण्याच्या स्वातंत्र्यात न बोलण्याचे स्वातंत्र्यही येते हा विचार भारतात १९८६ च्या बिजो इमॅन्युएल खटल्यापासून सांगितला जातो. केरळातील तीन शाळकरी भावंडे धार्मिक श्रद्धेमुळे राष्ट्रगीत म्हणत नव्हती, मात्र आदराने उभी राहत होती. त्यांना शाळेतून काढणे हा त्यांच्या मूलभूत हक्कांचा भंग ठरवून सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्यास सांगितले. हे संरक्षण मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध आहे, मित्राच्या टोमण्याविरुद्ध ते न्यायालयात वापरता येणार नाही. पण कुणी ‘तू बोललेच पाहिजेस’ म्हणाले तर तशी सक्ती करण्याचा अधिकार राज्यालाही सहजासहजी दिलेला नाही, एवढे मनाशी पक्के असणे पुष्कळ उपयोगी पडते.

दबाव आणणाऱ्याच्या ध्यानात बहुधा येत नाही ती गोष्ट म्हणजे बोलण्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. समाजमाध्यमांच्या अभ्यासात ‘संदर्भांची सरमिसळ’ ही कल्पना वापरली जाते. घरचे, गावचे, वर्गातले, कार्यालयातले आणि अनोळखी लोक, ज्यांच्याशी माणूस एरवी वेगवेगळ्या भाषेत बोलतो, ते सारे एकाच मजकुराचे वाचक होतात, असा तिचा अर्थ. पुण्यातल्या वसतिगृहात बसून लिहिलेला मजकूर संध्याकाळपर्यंत गावच्या पारावर पोहोचतो, आणि तिथे आई-वडील राहत असतात, तिथे त्यांना दुसऱ्याच्या शेतावर कामाला जायचे असते. २०१२ च्या नोव्हेंबरात मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर लिहिल्यावरून आणि ते आवडल्याची खूण केल्यावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्या प्रकरणातून उभ्या राहिलेल्या याचिकेमुळे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले खरे, पण अटक आधी झाली आणि निकाल नंतर आला. त्याच २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत एका दलित तरुणाचा जीव गेला, आणि वादाला निमित्त होती त्याच्या मोबाईलवर वाजलेली बाबासाहेबांवरील गाण्याची रिंगटोन. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही जणांनी ठेवलेल्या स्टेटसवरून बंद, दगडफेक आणि तोडफोड झाली, आणि नुकसान ज्यांचे झाले त्यांतल्या अनेकांनी ते स्टेटस ठेवलेलेही नव्हते. शासकीय कर्मचाऱ्यांवर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांची बंधने आहेत, आणि जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने समाजमाध्यमांच्या वापराविषयी त्यांना वेगळ्या सूचनाही दिल्या. कुटुंबातील पहिला पगार आणणाऱ्या माणसाला ‘एक पोस्ट टाकायला काय जातं’ असे विचारणाऱ्याने आधी हा हिशेब मांडून पाहावा.

लिहायचे की नाही हे ठरवताना घाई टाळणे हा पहिला उपाय. बातमी आल्याबरोबर जो संताप उसळतो तो खरा असतो, पण त्या तासाभरात माहिती अर्धवट असते. एक रात्र जाऊ देण्याने चळवळीचे काही बिघडत नाही. त्यानंतर, आपल्या लिहिण्याने नेमके कुणाचे काय होणार आहे हे स्वतःला विचारावे: पीडित कुटुंबाला त्याचा उपयोग आहे का, मागणी स्पष्ट आहे का, की केवळ आपण गप्प नाही हे कुणाला तरी दाखवायचे आहे. उत्तर तिसरे असेल तर तो कुणीतरी कोण आहे हेही पाहावे, आणि बहुतेक वेळा तो असा माणूस निघतो ज्याचे मत बदलल्याने काहीच बदलत नाही. जी ऊर्जा वाचते ती दुसरीकडे लावता येते. तालुक्याच्या ठिकाणी शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देणे, जात पडताळणीची कागदपत्रे जमवून देणे, अभ्यासिकेसाठी दरमहा थोडी रक्कम बाजूला काढणे, खटल्याच्या तारखेला कुटुंबासोबत न्यायालयात जाऊन बसणे ही कामे पडद्यावर दिसत नाहीत, पण ज्यांच्यासाठी ती होतात त्यांना ती नेमकी ठाऊक असतात.

नकार देताना लांबलचक खुलासा देऊ नये, कारण प्रत्येक खुलाशातून नवा वाद फुटतो. वर्गमित्राला ‘यावर भरपूर लिहिलं गेलंय, आधी ते वाच, मग भेटून बोलू’ एवढे पुरते. बाबासाहेबांचे लेखन व भाषणे महाराष्ट्र शासन १९७९ पासून खंडरूपाने प्रसिद्ध करत आले आहे, तेव्हा जातिव्यवस्था समजून घेण्यासाठी शेजारच्या बाकावरच्या मुलीलाच प्रश्न विचारला पाहिजे अशी परिस्थिती उरलेली नाही. कार्यालयात आंबेडकर जयंतीच्या किंवा विविधतेच्या पोस्टसाठी छायाचित्र आणि चार ओळी मागितल्या तर ‘सर, निवेदन कंपनीच्या नावाने जाऊ द्या, माझा फोटो नको’ असे शांतपणे सांगावे, आणि शक्य असल्यास ते ई-मेलवर लिहावे म्हणजे पुढे शब्द फिरत नाहीत. घरच्या वडीलधाऱ्यांशी मात्र गटात न बोलता फोन करावा. ‘काका, मी स्टेटस ठेवत नाही, पण रविवारी विहारात येतोय’ हे वाक्य त्यांच्या मनातली शंका जितकी दूर करते तितके कोणतेही चित्र करणार नाही. गटाच्या सूचना बंद ठेवणे, निळी खूण बंद करणे, स्टेटस कुणाला दिसावे याची यादी मर्यादित करणे या सोयी अॅपमध्येच आहेत आणि त्या वापरण्यात कसलाही अपराध नाही.

जेव्हा लिहायचे ठरते तेव्हा एका बाबतीत काटेकोर राहावे. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेचे नाव, छायाचित्र किंवा तिची ओळख पटेल असा तपशील प्रसिद्ध करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, आणि पीडिता मरण पावली असली तरी तिची ओळख अशी उघड करू नये असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. न्याय मागणाऱ्या हजारो पोस्टमध्ये नेमके हेच छायाचित्र असते, ‘शेअर करा, नाहीतर तुम्ही मेलेले आहात’ अशा ओळीसह. ती साखळी आपल्यापाशी तोडणे हे त्या मुलीसाठी केलेले कामच आहे.

लिहिल्यामुळे किंवा न लिहिल्यामुळे शिवीगाळ सुरू झाली तर उत्तरे देत बसू नये, पुरावा जमवावा. केवळ शिवीचा भाग कापून घेतलेले चित्र अपुरे पडते. लिहिणाऱ्याच्या खात्याचा पूर्ण दुवा, तारीख, वेळ आणि आधी-नंतरचा मजकूर दिसेल अशी पडद्याची छायाचित्रे घ्यावीत, मूळ संदेश पुसू नये, आणि ज्या फोनवर तो आला तो फोन बदलण्याआधी वकिलाला विचारावे, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागते. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला लोकांसमोर जातीवरून अपमानित करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि इंटरनेटवरील अपमानालाही तो लागू होऊ शकतो असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे. या कायद्याविषयी मदतीसाठी १४५६६, मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी १५१०० आणि मनावर ताण असह्य झाला तर टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक आहेत. हे सारे त्या व्यक्तीने एकटीने करू नये. शिव्या वाचून नोंदवण्याचे काम एखाद्या मित्राने अंगावर घेतले तर ज्याला त्या दिल्या गेल्या त्याला त्या पुन्हा वाचाव्या लागत नाहीत, आणि ‘काही मदत हवी का’ असे विचारणाऱ्या मित्राला करण्याजोगे याहून नेमके काम सापडणार नाही.

सवर्ण मित्रांनी आणि बहुसंख्य समाजातील सहकाऱ्यांनी नाव टॅग करणे सोडून स्वतःच्या घरच्या गटात, जिथे आरक्षणावरचे विनोद फिरतात, तिथे तोंड उघडावे; तिथे त्यांच्याइतका सहज प्रवेश दुसऱ्या कुणाला नाही. वस्तीच्या आणि संघटनांच्या गटप्रमुखांच्या हातात तर आणखी सोपी गोष्ट आहे. ६ डिसेंबरच्या आधीच्या आठवड्यात स्टेटसची आठवण देणारे संदेश फिरवण्याऐवजी चैत्यभूमीला निघणाऱ्या गाड्यांच्या वेळा, शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर लागणारी माणसे, बाहेरगावाहून येणाऱ्यांच्या जेवणाची आणि औषधपाण्याची सोय, कुणी किती तास थांबायचे, अशी यादी त्यांनी गटात टाकावी आणि नावे मागवावीत. त्या यादीत नाव लिहून पहाटेपासून पाणी वाटायला उभ्या राहिलेल्या मुलाला दिवसभर मोबाईल पाहायलाही सवड मिळत नाही, आणि त्याचे प्रोफाइल चित्र कोणते आहे हे त्याला कुणी विचारत नाही.